हॉर्नचं बटण

सांगून कोणाला पटणार नाही, पण मुलाने हौसेने दुरुस्त केलेली, दारात उभी असलेली ती जुनी गाडी जागची न हलता रोज संध्याकाळी घरी यायची.

म्हातारा हाडाचा वायरमन. त्याने हॉर्नचं बटण स्टिअरिंगवरून उतरवलं, वायर वाढवून खिडकीतून आत ओढली आणि बटण आपल्या खुर्चीखाली बसवलं. ते दाबायचा आणि अंथरुणाला खिळलेल्या बायकोला सांगायचा, "आले गं चिरंजीव. पुन्हा कामावर पळायचंय म्हणे, तू जेवून घे." तेवढ्यावर ती चार घास गिळायची.

आज मात्र तिने ताट बाजूला सारलं.



"अहो, माझी झोप मोडेल म्हणून तो गल्लीच्या तोंडाशीच इंजिन बंद करून गाडी ढकलत आणायचा. हॉर्न त्याने एकदाही वाजवला नाही. इतके दिवस मीच मनाला फसवून जेवत होते. पोर कधी गेलं माझं?"