मजला चुकलेले गृहस्थ

संघमित्राने बाबासाहेबांची तसबीर भिंतीवरून उतरवली, ओढणीत गुंडाळली आणि कपाटात साड्यांखाली ठेवली. त्या जागी सम्यकने ऑफिसातल्या मित्राकडून मागून आणलेला गणपती टांगला. चौकट लहान पडली. वर बोटभर फिकट पट्टी उरलीच.

"तिरका लागलाय," ती म्हणाली.

"पाहुणा आहे तो. सांभाळून घेईल," सम्यक म्हणाला.

या शहरात घर पैशाने मिळते अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी अजून घर शोधलेले नाही. बँकेने या नवराबायकोची पात्रता केव्हाच तपासली होती. उरला होता समाज, आणि त्याचे निकष छापील नसतात. दादरला त्यांचे आडनाव ऐकून गाव विचारले गेले, गाव ऐकून कुलदैवत. आणि कुलदैवतापाशी सम्यक अडखळताच फ्लॅट आदल्याच दिवशी गेल्याचे कळले. जाधव हे आडनाव अर्ध्या वाटेपर्यंत सोबत करते. पुढे ज्याचे त्याने पाहावे.

ठाकूरद्वारच्या घराचे मालक शरच्चंद्र बर्वे यांची अट निराळी होती. घेणाऱ्याचे राहते घर डोळ्यांनी पाहिल्याखेरीज ते शब्द देत नसत. एजंटने सांगितले, म्हातारा एकटा आहे, मुलगी पाहायला जावे तसा फिरतो, बरीच घरे नापसंत करून झाली. आडनाव बर्वे, पत्ता ठाकूरद्वारचा, तेव्हा काय ते समजून तयारी ठेवा.

त्यांनी समजून घेतले. ठाकूरद्वारला घर पाहताना संघमित्राने बर्व्यांनाही पारखले होते. बाहेरच्या खोलीतल्या देवघरात तेलाचा डाग नव्हता, काजळीची रेघ नव्हती. आतली खोली कुलूपबंद होती. व्यवहार ठरला की उघडीन, असे बर्वे म्हणाले होते. सोवळ्याची असणार, असे तिने ठरवून टाकले.

संध्याकाळी बर्वे परळला त्यांच्या भाड्याच्या घरी आले. पांढरा सदरा, ताठ कणा, बोलणे मोजके. गणपतीपुढे हात न जोडताच ते बसले. तिने पुढे केलेला प्रसाद त्यांनी गोड वर्ज्य असल्याचे सांगून बाजूला ठेवला. नजर मात्र भिंतीवरच होती.

"इथं आधी काही दुसरं होतं?"

"आरसा," ती म्हणाली.

"असं. आणि आपलं नाव?"

"मित्रा."

"पुढंमागं काही नाही?"

"नाही. एवढंच."

बर्व्यांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटले त्याला ती संशय समजली.

दार उघडेच होते. वरच्या मजल्यावरचे राजारामकाका जिना चढताना रोजच्या सवयीने उंबऱ्यापाशी थांबले. तिच्या लग्नात तिच्या पाठीशी उभा राहिलेला हा म्हातारा. आज थांबू नका, हे त्यांना सांगायचे राहून गेले होते.

"जय भीम, बाळा."

बर्व्यांच्या हातातला कप बशीवर वाजला. राजारामकाकांनी पाहुण्याला पाहिले, भिंतीवरच्या गणपतीला पाहिले, आणि पायाखालच्या फरशीला पाहत म्हणाले, "माफ करा हं. मजला चुकलो." मग ते सावकाश जिना चढून गेले.

"आपल्या ओळखीचे?" बर्व्यांनी विचारले. आवाज एकाएकी मऊ झाला होता.

सम्यकने तोंड उघडले; त्याच्या आधी ती बोलली. "छे हो. वर राहतात. तसल्या लोकांशी आमचं जाणं-येणं नाही."

बर्व्यांनी उरलेला चहा घेतला नाही. कळवतो म्हणाले आणि निघाले.

नकार आला. त्यांना मनासारखी माणसे मिळाली नाहीत, असा एजंटचा निरोप होता. म्हणजे ओळखले तर, ती मनाशी म्हणाली. त्या पट्टीवरून असेल, नाहीतर काकांवरून. सम्यक गणपती परत करायला गेला. राजारामकाका त्या दिवसापासून दाराशी थांबत नव्हते, आणि ती वर गेली नव्हती. लपूनही नाकारले जायचे असेल, तर निदान नाव घेऊन नाकारले जावे.

ती एकटीच ठाकूरद्वारला गेली. बर्व्यांनी दार उघडले. आजूबाजूच्या बिऱ्हाडांची दारे उघडी आहेत हे पाहूनच तिने आवाज चढवला.

"जय भीम, बर्वेसाहेब. माझं पूर्ण नाव संघमित्रा."

बर्व्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी घाईने तिला आत घेतले, दार लावले, कडी घातली.

"हळू बोला. इथं कुणाला माहीत नाही."

बांधाबांध चालू होती. आतल्या खोलीचे कुलूप निघाले होते. समोरच्या भिंतीवर, वितळून थिजलेल्या मेणबत्त्यांच्या वर, तिच्या कपाटात साड्यांखाली होती तशीच तसबीर होती.

"काल दुसऱ्यांना शब्द दिला," बर्वे म्हणाले. "तसल्या लोकांसाठीच राखून ठेवलं होतं, बाळा, हे घर."