बिब्याचे हात

फुलवंतानं तापलेला दाभण बिब्यात खुपसला आणि दिव्याच्या ज्योतीवर धरला. काळं तेल थेंबथेंब खालच्या दुधात पडू लागलं. खाटेवरून उदाराम तिच्याकडे पाहत होता. त्याची मुलगी सुमित्रा त्याच्याकडे.

नागपूरच्या डॉक्टरांनी पोटात कॅन्सर आहे म्हणून त्याला परत पाठवलं होतं. सालेकशात, त्याच्या गावी, असल्या दुखण्याला गोळा म्हणत, आणि गोळ्यावर बिबा हे तिथं सगळेच जाणत. सुमित्रा आमगावहून, सासरहून सेवेला आली होती. तिनं केलेली पेज तो घोटभर घेऊन सारून देई. फुलवंताचं दूध मात्र वाटी रिकामी होईपर्यंत पिई. आई गेल्यावर बापानं घरात आणलेली ही बाई. सुमित्रानं तिला एकदाही माय म्हटलं नव्हतं.

बिब्यानं पोळू नयेत म्हणून फुलवंतानं त्याच्या ओठांना तूप लावलं. सवयीनं त्यानं तोंड पुढं केलं.

ते सुमित्राला बघवलं नाही.

"सर तिकडे. आज माया बापाले मी देईन."

तिनं दाभणाला हात घातला, तसा उदाराम कोपरावर उठला.

"ठेव ते! हात नोको लावू!"

"काऊन? माया हाताले किडे पडले का?"

"बिबा उतते, पोरी. लहानपणी उतला होता तुले. डोळे मिटले होते सुजून. रातभर मांडीवर घेऊन बसलो होतो." त्याला धाप लागली. "मरता मरता तुया हातावर फोड पाहू का मी?"

सुमित्राचा हात मागं आला. किती दिवसांनी तिला मोकळा श्वास घेता आला. तिनं फुलवंताकडे पाहिलं. जिंकल्यासारखं.

फुलवंता दाभण पुन्हा ज्योतीवर धरत होती. हातांवरचा पदर सरकला. बोटं मनगटापर्यंत सुजली होती. फोड फुटून पाणी सुटलं होतं, वर मोहाचं तेल चोपडलेलं.

"तुलेबी उतते?" सुमित्रानं हळूच विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"कोणाले?" फुलवंता म्हणाली. "मले कोणी हात नोको लावू म्हणलं नाई."

खाटेवर उदाराम तोंड उघडून वाट पाहत होता. फुलवंताची नजर सुमित्राच्या गोऱ्या, कोरड्या बोटांवर खिळली होती. बिब्याचे थेंब वाटीबाहेर पडत होते.