मोठा गठ्ठा

खोटं नाही सांगत, मोताळ्याच्या सोसायटीत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याची मेमरी एवढीशी होती, की एका सभासदाचं नाव मागितलं तर ते डिस्कवरून आत येईपर्यंत तो सभासद आठवडी बाजार करून, वाटेत दोन भांडणं मिटवून परत यायचा.

मशीन सांभाळणारे शेषराव या फेऱ्यांना पार कंटाळले. शेवटी त्यांनी एकेक पान आणण्याऐवजी मोठा गठ्ठाच एकदम आत आणायची सोय केली. फेऱ्या वाचल्या, पण एक ओळ हवी असली तरी अख्खा गठ्ठा यायचा. त्याला जागा व्हावी म्हणून मशीन, ज्याचं बऱ्याच वेळात काम पडलं नाही, ते आधी बाहेर काढायचं.

शेषरावांनी हे सगळं मोठ्या कौतुकानं घरी बायकोला, आशाबाईंना समजावलं. वर सल्लाही दिला, "पापडाले एकेक बहीण काऊन बोलावून राह्यली? वडनेरचं अख्खं माहेरच एकदम बोलाव. मले घडीघडी स्टँडवर जा लागनार नाही."

शनिवारी ते थकूनभागून, कधी एकदा अंग टाकतो असं करत घरी आले. दोन बहिणी पापड लाटत होत्या. बाकी माहेर दोन्ही खोल्यांत घोरत पडलं होतं. शेषरावांची खाट अंगणात, बकरीशेजारी.

"माही खाट बाहेर काऊन वं?"



आशाबाईंनी लाटीवरून नजरही उचलली नाही. "तुमीच तं सांगतलं ना, ज्याचं लय वेळात काम पडलं नाही, ते पयले बाहेर."