मागून येतेय

पौषातलं धुकं एवढं दाट होतं की टेकडीची पायवाट दहा पावलांपुढे दिसत नव्हती.

आई जाऊन महिना झाला तरी बाबा रोज टेकडी चढत, आणि कुणी तिची चौकशी केली की "मागून येतेय" म्हणत. ते कानावर आल्यावर मृदुला आज मुद्दाम सोबत आली होती. "आज खरं सांगायचं, बाबा," तिनं पायथ्याशीच बजावलं होतं.

धुक्यातून आधी काठीचा आवाज आला, मग माकडटोपीतले एक आजोबा उतरताना दिसले.

"काय चिटणीस, आज लेकीला आणलंत? आणि वहिनी? बऱ्याच दिवसांत दिसल्या नाहीत."

बाबांनी मृदुलाकडे पाहिलं. मृदुलानंच सांगायचं ठरवलं. तिनं मागे पाहिलं. वळणावर सगळं पांढरं झालं होतं. तिथून कुणीही येऊ शकलं असतं.

"येतेय मागून," ती म्हणाली. "गुडघ्यामुळे सावकाश चालते."

"म्हणजे आज गाठ पडेल. तिळाच्या वड्यांचं विचारायचंय त्यांना." आजोबा धुक्यात उतरून गेले.

थोडं पुढे गेल्यावर बाबांनी तिचा हात धरला. "मग आपण जरा हळू चालूया," ते म्हणाले.