एकवीस आकड्यांची सवत

माझ्या नवऱ्याला एका एकवीस आकडी संख्येने वेड लावलं होतं. "मूळ संख्या आहे गं. एक आणि ती स्वतः, बस. तिसऱ्या कुणानेच हिला भाग जात नाही," असं तो इतक्या लाडाने सांगायचा की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. माझ्याबद्दल तो असं कधीच बोलला नव्हता.

मीही शाळेत गणिताची बाई. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात बसून मी सवतीला भागत राहायची. सात महिन्यांनी, आज दुपारी, बाकी शून्य आली. तिचे सरळ दोन तुकडे पडले.

वही घेऊन घरी आले. त्याच्या बंद खोलीत तो नेहमीसारखा आकडे पुटपुटत होता.

मग आत दोन बायका हसल्या. त्यातली एक माझ्या आवाजात.