चुन्याची डबी

"किडनीवर कॅल्शियम? म्हणजे चुनाच की!" अनसूयाबाईंनी कमरेची डबी डॉक्टरांसमोर ठेवली. "तरीच चुन्यावरची माझी नखाची खूण रोज मोडते. सून चोरून खाते."

सून सुवर्णा मान खाली घालून बसली होती. अनसूयाबाईंना आपला महिनाभराचा संशय खरा ठरल्यासारखा वाटला.

डॉक्टरांनी डबी बाजूला सारली. "चुना खाऊन असं होत नाही, आजी. बाळंतपणात फार रक्त गेलं, तर किडनीचा बाहेरचा थर मरतो. मग तिथं कॅल्शियम साचतं. हिचं रक्त जायला लागल्यावर किती वेळानं दवाखान्यात नेलंत?"

अनसूयाबाई डबी चाचपत राहिल्या.

सुवर्णानं प्रथमच मान वर केली. "अमावस्या सरल्याशिवाय उंबरा ओलांडू दिला नाहीत, आत्या," ती म्हणाली. "सांगा ना, किती वाजता सरली होती?"