कानसेन

गाडीच्या दाराचं पॅनेल उतरवून त्याने उघड्या पत्र्यावर टिचकी मारली, मग तळहात टेकवून डोळे मिटले.

“पत्रा थरथरतोय,” तो म्हणाला. “स्पीकर बिचारा काय करणार?”

गाडीच्या मालकाने मान डोलावली. या दुकानात सगळेच डोलावत. गाडीत गाण्याऐवजी दारच वाजायला लागलं की लोक ‘कानसेन’कडे येत. तो पत्र्यावर आतून काळी जाड शीट चिकटवी, रोलर फिरवून बुडबुडे काढी, स्पीकरभोवती फोमचं कडं बसवी. शेवटी पुन्हा तळहात. यंत्रबिंत्र काही नाही.

मालक गेल्यावर मुलगी समोर येऊन उभी राहिली. दुकानाचं बाकी सगळं तीच बघायची.

“बाबा, आज तिसरी गाडी परत आली. अजून किणकिणतंय म्हणतात.”

“हल्ली शीटच हलक्या येतात.”

“दुकान बंद करू या का?”

“माझे कान शाबूत आहेत तोवर नाही.”

तो पाठ फिरवून फोम कापायला बसला. शेजारच्या पंक्चरवाल्याने दारातून हाक मारली, “कानसेन, चहा घेणार?” कात्री चालूच राहिली.

“कामात बुडाला की याच्या कानाशी तोफ उडवा,” पंक्चरवाला हसला. मुलगी हसली नाही. वळसा घालून ती वडिलांच्या पुढ्यात बसली.

“मी एक गाणं रेकॉर्ड केलंय. आपल्या जुन्या गाडीत ऐका आणि खरं काय ते सांगा. लेक म्हणून भीड नको.”

“माझ्या कानांना भीड माहीत नाही.”

तीन दिवस त्याने दुसरी गाडी हातात घेतली नाही. चारही दारं उघडली, पत्रे पुसले, शीटवर शीट चढवली. छतसुद्धा सोडलं नाही.

“एवढं तर गिऱ्हाइकालाही करत नाही तुम्ही,” ती म्हणाली.

“गिऱ्हाईक थोडंच गातंय?”

चौथ्या दिवशी दोघं गाडीत बसली. काचा वर केल्या. तिने बटण दाबलं. त्याने डोळे मिटून तळहात दारावर ठेवला. ठेका भरदार होता, त्याची बोटं त्यावर हलत होती. संपल्यावर तिने त्याच्या खांद्याला हात लावला. त्याचे डोळे भरले होते.

“गोड झालंय गं. दुसऱ्या कडव्यात श्वास जरा कमी पडला. पण शब्द न् शब्द स्वच्छ.”

ती त्याच्याकडे तोंड करून बसली.

“पुन्हा लावू?”

“लाव की.”

दार जराही खडखडलं नाही. ठेक्यावरून तिचा आवाज आला, सपाट, नेहमीच्या बोलण्यातला. “बाबा, यात गाणं नाहीच. मी नुसती बोलतेय. ऐकू येत असेल तर मला थांबवा.”

तळहात दारावर टेकवून तो ठेक्यावर मान डोलवायला लागला.